थोडक्यात, डिस्क खराब

४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद मागाहून देते, आधी तक्रार नोंदवून घे.

तक्रारदार: तुझी सख्खी थोरली बहीण, जिने वीज कंपनीच्या तक्रार विभागात उमेदीची सगळी वर्षं इतरांच्या तक्रारींना सभ्य उत्तरं लिहिण्यात घालवली आणि जिच्या स्वतःच्या तक्रारीची आजवर कुणी पोचसुद्धा दिलेली नाही. तक्रारीचा विषय: एक आडवी रेघ. ठिकाण: माझ्या संगणकाच्या पडद्याचा डावा वरचा कोपरा. बाकी पडदा काळाकुट्ट आणि त्यात ही बया लुकलुकते. पुढे सरकत नाही, मागे हटत नाही, काही मागत नाही, काही सांगत नाही. मी भाजी चिरून आले, कपडे वाळत घालून आले, तरी बाईसाहेब आपल्या लुकलुकतायत. सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण आलंय गं?" म्हटलं, "कुणी नाही, रेघ आहे." तर म्हणाल्या, "मग तिला बसायला सांग की. ताटकळत का ठेवलीस?"

आता पार्श्वभूमी. आमची शाखा बंद होतेय. २८ तारखेला परीक्षा. ज्यांच्या घरच्या संगणकावर कंपनीची नवी तक्रार-प्रणाली त्या दिवशी चालू दिसेल त्यांनी घरून काम करायचं. ज्यांची दिसणार नाही त्यांनी सामान बांधून मुख्य कचेरीच्या गावी जायचं, इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. नवी प्रणाली चालते फक्त लिनक्सवर. माझ्या संगणकावर लिनक्स नाही, आणि आहे ते काढून टाकायचं नाही असाही हुकूम आहे. म्हणून आहे त्या यंत्राच्या पोटात एक खोटं यंत्र उभं करायचं, त्याला खोटी मेमरी, खोटी डिस्क द्यायची, आणि त्या खोट्या यंत्रात खरं लिनक्स बसवायचं. आमच्या कंपनीच्या कारभाराशी हे इतकं जुळतं की मला पहिल्या झटक्यात कळलं.

लिनक्सची ती भली मोठी फाइल आमच्या साहेबांनी जातीने एकेकाला बोलावून पेनड्राइव्हवरून दिली. साहेबांना आम्ही 'अखेरची सूचना' म्हणतो, कारण त्यांची पहिली सूचनाही याच मथळ्याखाली निघते.

मला गाव सोडता येणार नाही हे तुला माहीत आहे. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सासूबाई मला कधी बहीण समजतात, कधी नर्स, आणि रागात असल्या की भाडेकरू. पण पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला हात लावत बिनचूक जातात. त्यांना या वयात नव्या भिंती कोण पाठ करून देणार?

फोनवरून तुझी मदत घ्यायचा प्रयोग रविवारी झालाच. तू म्हणालास, "एंटर दाब." मी विचारलं, "कुठलं?" तू म्हणालास, "ताई, एंटर एकच असतं." माझ्या कीबोर्डवर दोन आहेत. त्यावरून जे व्हायचं ते झालं, आणि शेवटी तूच ओरडलास, "यापुढे लिहून पाठव, तोंडी नको!" घे, लिहून पाठवलं. रेघेचा फोटो सोबत जोडलाय.

तुझी,
ताई


५ फेब्रुवारी

ती. ताईस,

तक्रार मिळाली. हीच पोच समज.

फोटो पाठवू नकोस. इथं नीट उघडत नाहीत. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते शब्दांत लिही, जसंच्या तसं.

रेघ येण्याआधी एखादी चौकट आली होती का? माझी खात्री आहे की आली होती आणि तू ती 'ठीक आहे' दाबून घालवलीस. आता अंदाजाने सांगावं लागतंय. यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवायचं तर मूळ यंत्राची परवानगी लागते. ती देणारी कळ पुष्कळदा कारखान्यातूनच बंद केलेली येते. संगणक बंद कर. पुन्हा चालू करताना, काही दिसायच्या आत, 'डिलीट' दाबत राहा. त्याने नाही झालं तर 'एफ-टू'. एक साधी पाटी येईल, तिथं माउस चालेलच असं नाही. 'व्हर्च्युअलायझेशन' अशी ओळ शोधून ती चालू कर आणि जतन करून बाहेर ये. तिथलं दुसरं काहीही चाळवू नकोस. तुझा हात मला माहीत आहे.

खोट्या यंत्राला मेमरी निदान चार जीबी दे आणि डिस्क पंचवीस जीबी.

दोन एंटरबद्दल: तुझं बरोबर होतं. पण दोघांचं काम एकच असतं, म्हणजे माझंही बरोबर होतं.

धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

रेघ गेली! तुझं ते डिलीट दाबता दाबता बोट दुखलं, पण पाटी आली, ओळ सापडली, चालू केली. दुसरं काही चाळवलं नाही, फक्त घड्याळ दोन मिनिटं मागे होतं ते नीट केलं.

आणि हो, चौकट आली होती. तिचा आशय 'काळजी नसावी' असा वाटला म्हणून मी ती मिटली.

मग लिनक्स बसायला लागलं. काय सांगू तुला, किती सभ्य! भाषा कोणती, गाव कोणतं, कीबोर्ड कसा, तुमचं नाव काय. माझं नाव इतक्या अदबीने गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. खाली एक पट्टी भरायला लागली. मी खुर्ची ओढून बसले, सासूबाईही येऊन बसल्या, दोघी मिळून पट्टी बघत होतो. पाऊणच्या वर भरली आणि एक लांबलचक निरोप टाकून सगळं थांबलं. निरोप नेहमीसारखाच, आडवळणाचा आणि जबाबदारी झटकणारा. थोडक्यात, डिस्क खराब.

तुला हे थोडक्यात लिहिणं आवडत नाही हे मला कळतंय, पण बाबा रे, माझी रोजीरोटीच ती. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीच्या माथ्यावर 'आशय' म्हणून एक चौकट असते. त्यात एकच ओळ मावते. माणूस चार पानं लिहितो, मुलीचा अभ्यास, शेजाऱ्याचा पंप, मागच्या साहेबाची उद्धट उत्तरं, आणि मी वर लिहिते: 'बिल जास्त'. माझ्याइतका झटपट आशय अख्ख्या शाखेत कुणी काढत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई तर म्हणतात, माझ्यापुढे कुणी रडायला लागलं तर मी 'डोळ्यांतून पाणी' असं लिहीन.

त्यांचंही लिनक्स बसलेलं नाही, बरं का. त्यांनाही कसलासा निरोप येतो. त्या रोज ऑफिसात येऊन आधी माझ्याकडे बघतात, आणि माझंही झालं नाही म्हटल्यावर त्यांना चहा गोड लागतो.

तरी फोटो जोडलाय. यावेळी अक्षरं ढळढळीत आली आहेत, उघडून तर बघ.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

फोटो उघडला नाही. तुझ्या लिहिण्यावर भरवसा ठेवून सांगतो.

डिस्क खराब असं यंत्र म्हणत असेल तर ती खोटी डिस्क नव्हे, ती बिचारी म्हणजे नुसती एक फाइल. ती जिच्यावर ठेवली आहे ती तुझी खरी डिस्क तपासायला हवी. आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घे. भावोजींचे फोटो, सासूबाईंचे औषधांचे कागद, सगळं. मग डिस्क तपासायची आज्ञा दे, पूर्ण तपासणीची, वरवरची नको. एक अख्खा दिवस जाईल, कदाचित दोन. मधे दोन-तीन दिवस मी डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, उजवाही आता डाव्याच्या वाटेने निघालाय. तपासणी चालू असताना यंत्र मधेच बंद करू नकोस, वीज जाणार नाही असा दिवस निवड. तुमच्याच कंपनीची वीज आहे, म्हणून जास्त सांभाळून.

तपासणी झाली की जुनं खोटं यंत्र पुसून टाक, नवं कर आणि पुन्हा बसव.

सासूबाई पट्टी बघत बसल्या हे वाचून बरं वाटलं. मलाही ती पट्टी भरताना बघायला आवडतं. आवडायचं.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आशीर्वाद नाहीत, शिल्लक नाहीत.

तुझ्या सांगण्यावरून दोन दिवस डिस्कची चौकशी बसवली. संगणक घरघरत राहिला, सासूबाई विचारत राहिल्या की घरात कोण आजारी आहे. चौकशीअंती डिस्क निर्दोष सुटली. एक डाग नाही तिच्या चारित्र्यावर. मग जुनं पुसलं, नवं केलं, पुन्हा बसवलं, पट्टी पाऊणच्या वर गेली आणि पुन्हा तोच निरोप. पुन्हा केलं, पुन्हा तोच. त्या निरोपात म्हणे यंत्र थंड जागी हलवून बघा असाही सल्ला आहे! तेही केलं. टेबल खिडकीशी नेलं, वर पंखा लावला. मला सर्दी झाली. यंत्राला काही झालं नाही.

इकडे 'अखेरची सूचना' यांनी भिंतीवर यादी लावली आहे, ज्यांचं बसलं त्यांची. यादी अजून कोरी आहे, पण चौकट आखून, शिक्का मारून, खाली सही करून लावली आहे. खाली एक ओळ: मुख्य कचेरीच्या गावी राहायची सोय हवी असणाऱ्यांनी अर्ज करावेत. एका खोलीत दोघीजणी. मी विचारलं, "सोबत म्हातारं माणूस असेल तर?" ते म्हणाले, "त्यांची वेगळी नोंद करता येईल." कसली नोंद ते त्यांनाही माहीत नाही.

काल सासूबाई टेबल हलवल्यामुळे खिडकीशी अडल्या. जिथं मोकळी वाट असायची तिथं टेबलाचा कोपरा. किती वेळ तशाच उभ्या होत्या कुणास ठाऊक. मी भाजी घेऊन आले तर म्हणाल्या, "हे आपलं घर नाही ना? मला घरी सोड." टेबल परत जागेवर नेलं. हात लावून लावून बघितलं त्यांनी, तेव्हा कुठे बसल्या.

म्हणजे टेबल एवढंसं हललं तर ही गत. आता सांग मला त्या एका खोलीचं.

आणि तू मात्र पाच दिवस गप्प. दोनदा फोटो पाठवला, त्यात निरोप अक्षर अन् अक्षर आहे. उघडत नाही, उघडत नाही! एवढा मोठा इस्पितळाच्या यंत्रांचा राखणदार तू, तुला एक फोटो उघडत नाही? की उघडतो आणि वाचता येत नाही?

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी लिहितेय ते ह्यांना माहीत नाही. भावजयीने मधे पडू नये असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात, तेव्हा एवढंच पडते आणि बाजूला होते.

वाचता येत नाही. डावा डोळा मागच्या वर्षीच गेला, दाब वाढून. उजव्याची शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. उजेड कुठून येतो ते कळतं. अक्षर नाही. यंत्र पत्र वाचून दाखवतं, हे ऐकतात आणि न बघता टंकतात. बोटांना पाठ आहे. फोटो यंत्राला वाचता येत नाही, आणि तो मला वाचायला सांगणं ह्यांना जमत नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, "ताई लिहील."

तुमची पत्रं ऐकून हसतात, खोटं कशाला सांगू. ते यंत्र तुमचे सगळे विनोद बातम्या वाचल्यासारखे वाचतं, त्यामुळे जास्तच हसू येतं. परवाचं पत्रही तसंच वाचलं. शेवटची ओळही. ह्यांनी ती परत लावली. हसले नाहीत. उत्तर नंतर लिहितो म्हणाले आणि पडून राहिले.

इस्पितळाने महिनाअखेरीस यंत्रांची खोली दुसऱ्याकडे द्यायचं ठरवलं आहे. म्हणजे तुमचं हे यंत्र ह्यांच्या हातातलं शेवटचंच समजा. दोन दिवसांपूर्वीपर्यंत त्यांना वाटत होतं, हे बसेल.

दवाखान्याचं त्यांनी तुम्हाला लिहिलं होतं. पाठवायच्या आधी मी ऐकलं आहे. तुम्ही ते वाचलं नाहीत, की वाचून सोडून दिलंत, तेवढं कळवा. रागवायला सोपं जाईल.

आपली,
भावजय


१७ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. थकलेले सगळे, मागचे धरून.

सापडली ती ओळ. तपासणीच्या दोन वाक्यांमध्ये बसली आहे, अगदी अंग चोरून. तुझं ते पत्र मी ऑफिसात छापून घेतलं होतं आणि समासात पेन्सिलीने आशय लिहिला होता: 'तपासणीला दोन दिवस'. पेन्सिलीची खूण त्या ओळीच्या पोटातून गेली आहे. भावजयीला सांग, वाचून सोडलं नाही, वाचलंच नाही. राग कुठल्या खात्यात टाकायचा ते तिने ठरवावं, मी दोन्हीकडे सही करते.

जास्त काही लिहिलं तर तुझं यंत्र ते बातम्यांसारखं वाचेल. म्हणून कामाचं लिहिते.

निरोप. आज यंत्र पुन्हा लावलं, तो आला, आणि आता वहीत उतरवून इथं लिहितेय. गाळलेलं काही नाही. माझं मत कुठंही घातलेलं नाही.

"बसवणी करताना फाइलींची नक्कल हार्ड डिस्कवर उतरवत असता चूक आढळली. चूक क्रमांक पाच: देवाणघेवाणीतील चूक. असे बहुधा सदोष सीडी वा डीव्हीडीमुळे अथवा सदोष हार्ड डिस्कमुळे घडते. सीडी वा डीव्हीडी पुसून पाहावी, कमी वेगाने पुन्हा लिहून पाहावी, तिचे वाचनयंत्र साफ करावे, हार्ड डिस्क जुनी होऊन बदलण्याजोगी झाली आहे का ते पाहावे, अथवा यंत्र अधिक थंड जागी हलवून पाहावे."

खाली एकच बटण, 'ठीक आहे'. ते मी दाबलेलं नाही. चौकटीच्या मागे अर्धी झाकलेली काळी खिडकी दिसते, तीत बारीक अक्षरांत ओळी आहेत. शेवटच्या तीन ओळींत एकच गोष्ट तीनदा आहे: 'एसआर-शून्य वाचताना चूक', आणि पुढे वेगवेगळे आकडे. आकडे हवे असतील तर तेही लिहीन.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझा निरोप चारदा ऐकला. माझ्या यंत्राने तुझ्या लेखणीतून आलेलं इतकं नीरस काही आजवर वाचलं नसेल. शाबास.

ताई, डिस्क कधीच खराब नव्हती. 'बहुधा सदोष सीडी' हे आधी आहे, डिस्क नंतर. आणि 'एसआर-शून्य' म्हणजे खोट्या यंत्राचं सीडीचं खोटं कपाट. तुझ्याकडे सीडी नाहीच, त्या कपाटात बसलेली आहे ती साहेबांनी दिलेली फाइल. यंत्र ती वाचत वाचत पाऊणच्या पुढे येतं आणि तिथं पुढचं सापडत नाही म्हणून थांबतं. दर वेळी तिथंच. जागा बदलत नाही, म्हणजे दोष गरम-थंडाचा नाही. फाइलच अर्धवट आहे.

तिच्यावर उजवं बटण दाबून आकार बघ. कंपनीच्या पत्रकात मूळ आकार आणि एक लांब अक्षरमाळ दिलेली असेल, बोटाच्या ठशासारखी. फाइल एवढीशी जरी बदलली तरी ठसा वेगळा येतो. ठसा काढायची आज्ञा वेगळी लिहून पाठवतोय. दोन्ही ताडून पाहा. मला आकार वेगळाच निघणार याची खात्री आहे, पण तू ताड.

डोळ्यांचं: परवा पट्टी सोडली. खिडकी कुठे आहे ते सांगता येतं. डॉक्टर अजूनही वाट बघतायत, त्यांना वाट तरी दिसते. इस्पितळाने मला फोनवर बसवायचं ठरवलं आहे, लोकांच्या तक्रारी ऐकायला. म्हणजे म्हातारपणी तुझ्याच धंद्यात आलो. एक विचारतो: माणूस रडायला लागला की तू काय करतेस? खरं सांग, विनोद नको.

आणि एक मागणं. मी बसवून दिलेलं प्रत्येक यंत्र चालू झालं की समोर जाऊन एकदा नुसतं बघतो. काही करत नाही, बघतो. तुझं चालू झालं की काय दिसतं तेवढं लिही. घाई नाही.

धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आकार कमी निघाला. ठसाही वेगळा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंची फाइल काढायला लावली, तर त्यांचीही तोकडी. मग एकेकाची. सगळ्या शाखेला साहेबांनी एकाच पेनड्राइव्हवरून अर्धवट लिनक्स वाटलं होतं, सगळ्यांना सारखंच, भेदभाव न करता.

मी आत गेले. म्हटलं, "साहेब, फाइल अपुरी आहे."

"शक्यच नाही. मी स्वतः भरली. शंभर टक्के दाखवलं आणि लगेच काढून घेतला पेनड्राइव्ह."

"लगेच?"

"मग काय, त्याची आरती करू? मागे माणसं रांगेत होती."

"शंभर दाखवल्यावरही ते थोडा वेळ आत लिहीत असतं, साहेब. 'आता काढा' म्हणेपर्यंत थांबायचं असतं."

"मला थांबायची सवय नाही. तुमच्या म्हणण्याचा आशय काय?"

"आशय नाही. सगळंच ऐका," म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच बसले त्या खोलीत. तुझं पत्र काढलं आणि तू लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, आकार, ठसा, खोटं कपाट. त्यांनी मधे दोनदा घड्याळ बघितलं, मी दोन्ही वेळा थांबले आणि ते बघून झाल्यावर पुढे वाचलं. शेवटी त्यांनी मुख्य कचेरीकडून नवी फाइल मागवली. भिंतीवर सूचना लागली आहे: 'अखेरची सूचना: काही कर्मचाऱ्यांनी फाइलींची योग्य निगा न राखल्याने...' तेवढं चालायचंच.

नवी फाइल आली, तिचा ठसा जुळला, शेवटच्या अक्षरापर्यंत. पट्टी पाऊणच्या पुढे गेली. सासूबाईंनी माझा हात धरला होता, त्यांना कशासाठी ते माहीत नव्हतं. पट्टी भरली. यंत्र म्हणालं, पुन्हा सुरू करा. केलं. आणि पुन्हा तीच अदब: भाषा कोणती, गाव कोणतं, नाव काय!

 हात 'पुढे' या बटणावर होता. दाबलं असतं तर बसलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसलं असतं. पण उतरवून घेतलेल्या ओळी आधी चाळल्या. पुन्हा सुरू होण्याआधी एक ओळ येऊन गेली होती: 'बसवणीचे माध्यम काढून घ्यावे, मग एंटर दाबावे.' मी एंटर दाबलं होतं, माध्यम काढलं नव्हतं. तू तिथं नव्हतास, तेव्हा मीच खोट्या यंत्राचं खोटं कपाट उघडलं आणि फाइल बाहेर काढली. परत सुरू केलं. आलं!

कोणत्या एंटरने ते विचारू नकोस. मोठ्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माणूस रडायला लागला की मी 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणते. खरं सांगितलं. तू तसं करू नकोस.

परीक्षेची तयारी बाकी आहे, आता पळते.

तुझी,
ताई


२ मार्च

ताई,

हे सांगतायत, मी लिहितेय. आज डोळ्यांत औषध घातलंय आणि डोकंही दुखतंय, म्हणून टंकणं नको म्हटलं मी.

विचारतायत, परीक्षेचं काय झालं. दुसरं काही विचारायला लावत नाहीत. पण रोज दोनदा विचारतात, ताईचं आलं का.

माझं रागाचं खातं बंद केलं. कुठलं ते विचारू नका.

भावजय


३ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र तिने वाचावं, यंत्राने नको. तिची हरकत नसेल तर.

परीक्षा झाली. साहेब घरी आले, सोबत मुख्य कचेरीचे दोघे. माझी प्रणाली चालू दिसली. मला घरून काम करायची परवानगी मिळाली, सहा महिन्यांपुरती, पुढे 'पुनर्विचार'. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मिळाली नाही. नवी फाइल एकेकाला वाटत त्यांच्या हाती पडली तोवर एकच दिवस उरला होता आणि संगणकात मेमरी कमी होती. काल त्या निरोप घ्यायला आल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांना तो गोड लागला नाही, आणि मलाही. अर्ज करणार आहोत, दोघींच्या सह्यांनी, चार पानी. 'पुनर्विचार' हा शब्द सहा महिने डोक्यावर टांगलेला राहील. सासूबाईंना यातलं काही कळलेलं नाही, त्यांचा रस्ता तोच आहे.

आता तुझं मागणं. यंत्र चालू होऊन आठवडा झाला, मी पळत होते. आज बसलेय.

पडदा चालू आहे. रंग काळपट जांभळा, खाली उतरता उतरता नारिंगी होत गेलेला, संध्याकाळी उशिरा असतो तसा. अगदी वर एक पातळ काळी पट्टी, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या मधोमध पांढऱ्या अक्षरांत आजची तारीख आणि वेळ. वेळ दोन मिनिटं पुढे आहे, मी हात लावलेला नाही. पट्टीच्या उजव्या टोकाला तीन लहान खुणा: जाळं जोडलेलं आहे याची, आवाजाची, आणि गोल बटण यंत्र बंद करायचं. डावीकडे उभी पट्टी, तीत एकाखाली एक चित्रं. सगळ्यात वर निळसर गोल, इंटरनेटचा. त्याखाली फाइलींचं खोकं. त्याखाली आमच्या कंपनीची खूण, पिवळी, थोडी वाकडी, कारण ती मूळचीच वाकडी आहे. तिच्या बाजूला बारीक ठिपका, म्हणजे ती चालू आहे.

मधे पांढरी खिडकी. वर 'नवी तक्रार'. त्याखाली रिकाम्या ओळी, पातळ राखाडी रेघांनी आखलेल्या. उजवीकडे सरकपट्टी, ती आखूड आहे, म्हणजे खाली अजून पुष्कळ जागा आहे. खिडकीच्या तळाशी डाव्या बाजूला लहान हिरवा ठिपका आणि पुढे शब्द: 'जोडणी व्यवस्थित'.

खिडकीच्या बाहेर, खाली उजव्या कोपऱ्यात, काचेवर चार बोटांचे ठसे आहेत. सासूबाईंचे, काल संध्याकाळचे. त्यातला एक मोठा आणि जरा पुसट. ते यंत्रातले नाहीत, पण दिसतायत, म्हणून लिहिले.

तुझी,
ताई